शेपटाबाईची कवळी

झाडाला हात लावायचा नाही, हा त्या घरातला एकमेव कडक नियम होता, आणि तो नियम करणारी बाई गेली पाच वर्षं घरातच नव्हती.

तो मोडायला तरी घरात दुसरं कोण होतं? एकटे मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते दातांच्या कवळ्या बनवायचे. दवाखान्याच्या पुढच्या खोलीत डॉक्टरबाई लोकांचे दात काढायच्या आणि मागच्या खोलीत मास्तर नव्या दातांची तयारी करायचे. डॉक्टरबाईंच्या वडिलांच्या काळापासून, म्हणजे एकतीस वर्षं, ते त्याच स्टुलावर बसत आले होते. बाई फ्रॉकात होत्या तेव्हा त्यांनी मास्तरांकडून उरलेल्या प्लास्टरचे ससे करून घेतले होते. आता त्या मास्तरांना कामं सांगायच्या, पण हाक मात्र आदरानं ‘मास्तर’ अशीच मारायच्या. गल्लीत मास्तरांना सगळे सरळ कवळीवाले म्हणत आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेल्या माणसाला असल्या नावाचं वाईट कशाला वाटेल?

आता झाडाबद्दल. स्वयंपाकघराच्या खिडकीत एका आकड्याला तीन साखळ्यांनी कुंडी टांगलेली होती आणि तिच्यातून सात जाडजूड शेपट्या खाली सुटलेल्या होत्या. प्रत्येक शेपटीवर भिजवलेल्या शेंगदाण्यांएवढी फुगीर पानं, एकाला एक खेटून, दाटीवाटीनं बसलेली. रंग हिरवा म्हणावा तर निळसर, आणि वरून कुणी चिमूटभर पीठ भुरभुरलं असावं तशी पांढुरकी झाक. मास्तरांच्या बायकोनं बोटभर तुकडा आणला होता तो नोकरीच्या ठिकाणाहून, रुग्णालयातल्या एका खिडकीतून, कागदात गुंडाळून. ती नर्स होती. लेक तेव्हा शाळेत होती. तिनं झाडाचं नाव शेपटाबाई ठेवलं आणि तेच रूढ झालं.

शेपटाबाईचं दुखणं एकच. नुसता पदर घासला तरी दहाबारा पानं टपाटप खाली. पानाला बोट लावलं की पीठ पुसलं जायचं आणि तिथे डाग पडायचा तो पडायचाच. “आईपेक्षा नाजूक आणि आईइतकीच मानी,” असं लेक म्हणायची. आई हसायची, पण हात लावू द्यायची नाही.

परदेशी निघाली त्या सकाळीसुद्धा तिनं बॅग दारात ठेवून मास्तरांना खिडकीपाशी नेलं. “पान सुरकुतलं तरच पाणी. टरटरीत असेल तोवर थेंब नाही. कुंडी फिरवायची नाही. आणि हात लावायचा नाही.” मास्तरांनी मान डोलावली. त्यांना खरं तर ‘जाऊ नकोस’ म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं. पण लेकीच्या शिक्षणाचा प्रश्न होता, तिकडच्या लोकांना नर्सेस हव्या होत्या, दोनच वर्षांचा करार होता, आणि सगळं ठरल्यावर असं म्हणणं बरं दिसलं नसतं. म्हणून ते म्हणाले, “तिकीट घेतलंस ना?” तिनं पर्स उघडून तिकीट दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की काय, ते मास्तरांनी पाहिलं नाही, कारण ते तिकीट बघत होते.

दोनाची तीन झाली, तीनाची पाच. लेक शिकली, नोकरीला लागली, तिसऱ्याच गावी खोली घेऊन राहू लागली. आता खरं म्हणजे मास्तरांच्या बायकोला तिकडे धरून ठेवणारं काहीच उरलं नव्हतं. तरी ती येत नव्हती, आणि का येत नाहीस, हे मास्तर विचारत नव्हते. तिकडे ती वृद्धांच्या निवासात काम करायची. कुणाला भरवायचं, कुणाला कुशीवर वळवायचं, कुणाच्या हातात हात देऊन बसायचं. मास्तरांना कधीकधी त्या म्हाताऱ्यांचा हेवा वाटायचा. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी एखाद्या नव्वदीच्या माणसाचा हेवा वाटावा, ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून ती त्यांनी कुणाला सांगितली नाही.

बोलणं व्हायचं रविवारी सकाळी. फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा आला की मास्तर आधी चष्मा पुसायचे.

“बरे आहात ना?”

“बरा आहे. तू?”

“मी बरी आहे. दाखवा बघू तिला.”

मग मास्तर फोन उचलून खिडकीपाशी धरायचे आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं त्या दोघांचं झाडावर बोलणं चालायचं. वरची पानं जरा मऊ दिसतायत, बुधवारी पाणी घाला. तिसरी शेपटी खिडकीच्या कठड्याला टेकत नाही ना? ऊन फार येतंय का? हात थरथरू नये म्हणून मास्तर डाव्या हातानं उजवं मनगट धरायचे. तिला झाड दिसायचं, मास्तर दिसायचे नाहीत. त्यांना मात्र पडद्यावर ती दिसायची, कारण ते झाडाआड उभं राहून वाकून बघत असायचे. ती पुढे झुकून, डोळे बारीक करून बघायची, आणि तिच्या कपाळावर उभी आठी पडायची. त्या आठीसाठी मास्तर आठवडाभर वाट बघायचे.

तर असं सगळं सुरळीत, म्हणजे जैसे थे चाललं असताना इमारतीच्या खिडक्या बदलायचं निघालं. चौकटी कुजल्या होत्या. सुतार गुरुवारी सकाळी येणार होता. “काका, ती कुंडी तेवढी काढून ठेवा,” तो आदल्या दिवशी माप घ्यायला आला तेव्हा म्हणाला. एवढं सहज म्हणाला, जणू टॉवेल काढून ठेवा.

मास्तरांना रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी उठून त्यांनी कपडे वाळत घालायचा घोडा स्वयंपाकघरात आणला, त्यावर बायकोची जुनी, धुऊन मऊ झालेली चादर दुहेरी करून पसरली. बेत असा होता, की स्टुलावर चढून कुंडी आकड्यावरून उचलायची, तशीच अधांतरी खाली आणायची, घोड्याच्या मधोमध ठेवायची आणि शेपट्या चादरीवर अलगद उतरू द्यायच्या. बेत काही वाईट नव्हता. पण तीन साखळ्यांपैकी एकीची कडी वर्षानुवर्षांच्या गंजानं आकड्याला चिकटली होती, हे मास्तरांना कुठे ठाऊक? दोन साखळ्या सुटल्या, तिसरी सुटेना. त्यांनी जरा ओढली. जराच. कडी तुटली, कुंडी कलंडली आणि शेपट्या खिडकीच्या कठड्यावर आपटल्या.

वाटाणे सांडल्यासारखा आवाज झाला. आणि तो बराच वेळ थांबेचना.

कुंडी मास्तरांनी छातीशी धरून वाचवली. पण सातांपैकी दोन शेपट्या पार सोलून निघाल्या होत्या. पानांच्या जागी नुसते वाळक्या दोरीसारखे देठ, त्यावर पानं गळाल्याचे बारीक बारीक डाग. मास्तर स्टुलावर तसेच उभे राहिले. तेवढ्यात सुतार दारात आला, त्यानं फरशीकडे बघितलं आणि दिलासा म्हणून म्हणाला, “एवढंच ना काका? पानंच तर पडली!”

मास्तर शांत स्वभावाचे होते. नाहीतर त्यांनी त्याला त्याच खिडकीतून, चौकट बसवायच्या आधीच, बाहेर पाठवलं असतं.

सुतार काम करत होता तेवढा वेळ ते चार पायांवर रांगत होते. फ्रिजखालून, ओट्याच्या फटीतून, गॅसच्या टाकीमागून त्यांनी एकूण एक पान गोळा केलं आणि वाडग्यात ठेवलं. मोजली तर दोनशे ऐंशी भरली. पूर्ण कवळीत, वरचे-खालचे मिळून, अठ्ठावीस दात असतात. म्हणजे बरोबर दहा तोंडांचं काम. हा हिशेब मनात आला आणि मास्तर वाडगा हातात धरून थबकले. पुढे जे झालं, ते त्या हिशेबामुळे झालं.

कारण पडलेल्या पानाचं काय करायचं, हे दुसऱ्या कुणी कुणाला तरी विचारलं असतं. बायको घरात होती तेव्हा खिडकीत मातीच्या उथळ ताटल्या असायच्या, त्यांत ती काहीबाही पसरून ठेवायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी शेजारणींना इवल्या कुंड्या वाटायची, हे मास्तरांनी पाहिलेलं होतं. पण ताटलीत काय आहे, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांना एकच विद्या येत होती: रिकाम्या जागी हुबेहूब बसवणं. आणि रविवार तीन दिवसांवर आला होता.

त्यांनी डॉक्टरबाईंना फोन करून बरं नसल्याचं सांगितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मग दवाखान्याच्या मागच्या दारानं जाऊन आपलं सामान आणलं: स्पिरिटचा दिवा, मेणाची सुरी, चिमटे आणि चिकट मेणाची कांडी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरं फडकं पसरून त्यांनी पानं आकारावारी लावली. मोठी देठाच्या बुंध्याकडची, बारकी टोकाकडची. मेण वितळवायचं, पानाला चटका बसू नये म्हणून निवू द्यायचं, आधी स्वतःच्या ओठाला लावून बघायचं, मग देठावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका द्यायचा आणि चिमट्यानं धरलेलं पान त्यावर टेकवून दहा आकडे मोजायचे. बोट लावायचं नाही. नियम तो नियम.

पहिली वीसेक पानं ओळीत बसली, आणि ते बघून मास्तरांना आपलंच हसू आलं. अगदी खोटी दिसत होती. नवशिक्या कारागीर दात असेच बसवतो, पट्टीनं आखल्यासारखे, आणि मग माणूस हसला की कवळी हसते. खरं दिसायचं असेल तर एखादा दात किंचित वळवावा लागतो, एखादा शेजाऱ्यावर रेलवावा लागतो. मास्तरांनी वीसच्या वीस पानं काढून पुन्हा बसवली. काही जराशी तिरपी, काही खाली बघणारी, एक तर पार आडवं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी शेवटचं पान बसलं. पाठ मोडून गेली होती, पण शेपटाबाई नव्या चौकटीत, नव्या आकड्याला, पहिल्यापेक्षा भरदार दिसत होती. आपल्या हातून आजवर झालेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे, असं मास्तरांना वाटलं, आणि ते कुणाला दाखवता येणार नाही याचं दुःखही झालं.

रविवारी त्यांनी फोन नेहमीपेक्षा अंमळ लांब धरला.

“अगं बाई!” ती म्हणाली. “किती सुरेख दिसतेय! भरलीय अगदी. काय घातलंत काय?”

“काही नाही. तू सांगितलंस तेच.”

“आणि चौकटसुद्धा नवी! मला वाटलं होतं, तुम्हाला नाही जमायचं हो. खरंच सांगते. रोज मनात यायचं, एखाद्या रविवारी मेलेलीच दिसेल.” ती हसली. मास्तरही झाडाआड हसले. पाच वर्षांत बायकोनं इतकं कौतुक केलं नव्हतं. त्यांना लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

मग ती पुढे झुकली. कपाळावर आठी आली.

“अहो, एक विचारायचं होतं. ही माणसं अजून तीन वर्षांसाठी विचारतायत. महिनाअखेरपर्यंत सांगायचंय.”



“मी टाळत होते,” ती सांगत राहिली. “वाटायचं, तिकडे तुमचं कसं होत असेल, घर कसं असेल. पण बघतेय ना, छान चाललंय तुमचं. माझ्यावाचून काही अडलेलं दिसत नाही. शेपटाबाईसुद्धा मजेत आहे. मग काय करू? तुमचं काय म्हणणं?”

 ‘खोटं आहे ते सगळं’ असं मास्तरांना ओरडून सांगावंसं वाटलं. सगळं अडलेलं आहे. पाच वर्षं दोन कपांचा चहा टाकतोय आणि एक ओतून देतोय. तू झोपायचीस त्या बाजूला अजून मी सरकत नाही. पण हे सगळं घशात एकदम आलं, आणि एकदम आल्यामुळे त्यातलं काहीच बाहेर पडेना.

“तुला योग्य वाटेल तसं कर,” ते म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता, पण मास्तरांना स्वतःच्याच कानांतल्या धडधडीमुळे ते कळलं नाही.

त्या आठवड्यात मास्तरांनी एका निवृत्त पोस्टमनच्या कवळीत वरचे दात खालच्यांच्या आत बसवले. डॉक्टरबाई ती हातात घेऊन मागच्या खोलीत आल्या.

“मास्तर, हे काय? हा माणूस हसला तर लोक पळतील.”

मास्तरांनी कवळी घेतली, बघितली आणि तिथेच त्यांचा बांध फुटला. मेणापासून तीन वर्षांपर्यंत सगळं सांगून झालं. डॉक्टरबाई स्टूल ओढून समोर बसल्या. दोनशे ऐंशी पानांशी त्यांना हसू आवरेना. गोष्ट तीन वर्षांपाशी आली तेव्हा त्या हसत नव्हत्या.

“म्हणजे तुम्हाला त्या यायला हव्यात.”

“हो.”

“हे त्यांना माहितीय?”

“माहीत असेलच की. एवढ्या वर्षांचा संसार आहे.”

“मास्तर,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “लोकांची तोंडं चालू करून देण्यात तुमचं आयुष्य गेलं. स्वतःचं कधी उघडणार?”

मास्तरांनी ठरवलं, रविवारी सांगायचं. वाक्यही तयार केलं: ‘तू सही करू नकोस, घरी ये.’ लहान वाक्य. मागच्या खोलीत फळीवर ओळीनं मांडलेल्या प्लास्टरच्या जबड्यांसमोर त्यांनी ते बारा-पंधरा वेळा म्हणून बघितलं. पण त्या रविवारी तिची कामाची पाळी होती. फोन तीन मिनिटांत आटोपला. पुढच्या रविवारी लेक रजा काढून घरी आलेली, ती मध्ये मध्ये. पोरीदेखत बायकोला ‘घरी ये’ कसं म्हणायचं? मास्तर मूग गिळून बसले. चौथ्या रविवारी मात्र त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि फोन वाजायच्या आधीच हातात घेऊन बसले.

“बरे आहात ना?”

“मी काय म्हणतो,” मास्तर एका दमात म्हणाले, “तू…”

“आधी माझं ऐका,” ती म्हणाली. “म्हणजे माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल. परवा सही करून टाकली मी. शुक्रवारी.”

मास्तरांचं वाक्य गेलं. कुठे गेलं कुणास ठाऊक. त्यांनी तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं.

“तुम्ही काय म्हणत होतात?”

“काही नाही,” मास्तर म्हणाले. “बरं केलंस.”

 अशा वेळी दोघांना एकच गोष्ट येत होती. ती म्हणाली, “दाखवा बघू तिला.” मास्तर उठले, खिडकीपाशी गेले आणि फोन धरला. आता लांब धरायचं भान त्यांना राहिलं नव्हतं.

ती बघत होती. मास्तर झाडाआडून तिच्याकडे बघत होते. तीन वर्षं, ते मनात म्हणत होते, म्हणजे दीडशेच्या वर रविवार. तिच्या कपाळावर आठी आली, ती आणखी खोल गेली, आणि ती पडद्याच्या एवढी जवळ आली की मास्तरांना तिचे नुसते डोळे दिसायला लागले.

“अहो, फोन जरा खाली घ्या. अजून. डाव्या शेपटीपाशी. हे काय आहे?”

“काय?”

“पानांच्या बुडातून हे गुलाबी दोरे काय लोंबतायत?”

मास्तरांनी वाकून बघितलं. खरंच की. बसवलेल्या पानांच्या बुडाशी, मेणाच्या ठिपक्याच्या कडेनं, केसासारखे बारीक गुलाबी तंतू हवेत सुटले होते. एका नव्हे, कितीतरी पानांना. काहींच्या बुडाशी तर मोहरीएवढे हिरवे कोंबसुद्धा दिसत होते.

“मुळं आहेत ती,” पलीकडून ती म्हणाली. “झाडावरच्या पानाला मुळं फुटत नाहीत कधी. तुटून पडलं तरच फुटतात. काय केलंत तुम्ही?”

मुळं! मास्तरांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. येणार कसं? कवळीतल्या दाताला मूळ नसतं. जन्मभर बिनमुळाचेच दात बसवत आलेला माणूस. बसवलेली वस्तू मागाहून जिवंतपणा दाखवील, ही शंका त्याला कुठून येणार?

“पडली होती,” ते म्हणाले.

“कधी?”

“चौकट बदलायच्या दिवशी. कडी गंजलेली होती. दोन शेपट्या सोलून निघाल्या. मी मग… मेणानं बसवली.”

“मेणानं?”

“चिकट मेण असतं आमच्याकडे. दोनशे ऐंशी पानं. तीन दिवस लागले.”

 मग ती हसायला लागली. हसता हसता तिचा फोन हलायला लागला, पडद्यावर छत दिसलं, भिंत दिसली, एक कॉट दिसली, कॉटवर घडी न घातलेले कपडे. “झाडाला कवळी!” ती म्हणत होती. “अहो, झाडाला कवळी बसवलीत तुम्ही!” मास्तरही हसले. पण ती थांबली तेव्हा तिचा चेहरा ओला होता, आणि ती हसण्यामुळे ओला झालेला नव्हता, एवढं या वेळी मास्तरांनी पाहिलं.

“म्हणजे त्या दिवशी,” ती सावकाश म्हणाली, “मी जे बघून म्हटलं, की तुमचं छान चाललंय…”

“ते मेण होतं.”

“आणि मी त्यावर विश्वास ठेवून…” तिनं हाताच्या पाठीनं नाक पुसलं. “तुम्ही का नाही म्हणालात हो, सही करू नकोस म्हणून? मी महिनाभर वाट बघितली. महिनाभर कशाला, पाच वर्षं बघतेय. निघाले त्या सकाळीही बघत होते. तुम्ही नको म्हणाल, एकदा तरी अडवाल. तुम्ही तिकीट बघत बसलात.”

“मला वाटलं, तुला तिकडे राहायचंय.”

“मला वाटलं, तुमचं माझ्यावाचून अडत नाही.”

“सगळं अडलंय,” मास्तर म्हणाले. “पहिल्या दिवसापासून सगळं अडलंय. तू नसलीस की घरात मला बोलायलासुद्धा येत नाही.”

“मी असतानाही कुठे येत होतं?” ती म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली. “आता सही झालीय. मोडता येत नाही मला. तीन वर्षं अडकले हो मी.”

मास्तर फोन घेऊन खुर्चीत बसले. झाड मागे राहिलं. आता तिलाही त्यांचा चेहरा दिसत होता: घोटून केलेली दाढी, कानाजवळ राहून गेलेला साबणाचा फेस. ती बघत राहिली. मास्तरही बघत राहिले. पाच वर्षांत मध्ये झाड न धरता त्यांनी एकमेकांकडे इतका वेळ बघितलं नव्हतं. घर सोडून जायचं असतं ते तिनं आणि घरात थांबून वाट बघायची असते ती आपण, असं मास्तर इतकी वर्षं धरून चालले होते. ते असंच का असायला हवं, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला.

“तिकडे,” त्यांनी घसा खाकरला, “तुझ्या त्या म्हाताऱ्यांना कवळ्या लागतात का गं?”

“लागतात का म्हणजे? चोवीस जण आहेत. निम्म्यांच्या कवळ्या दिवसभर ग्लासात पडून असतात. घातल्या की बोचतात म्हणतात.”

“बोचायला नकोत. बोचते म्हणजे माप चुकलंय. माणसाची हिरडी झिजते, अधूनमधून पुन्हा बघावी लागते. बसल्या जागी दुरुस्त होतं ते.”

“हे त्यांना सांगणार कोण?”

मास्तरांच्या घशात पुन्हा सगळं एकदम आलं. पण या वेळी त्यांनी त्यातलं एकच धरलं आणि बाकीचं मागे राहू दिलं.

“मी येऊ का तिकडे?”

 पडदा गोठलाय की काय, असं मास्तरांना वाटलं. मग तिचे ओठ हलले आणि आवाज जरा उशिरा पोचला.

“भाषा येत नाही म्हणाल.”

“येत नाहीच.”

“‘आ करा’ एवढंच म्हणता यायला हवं तुम्हाला. ते मी शिकवीन,” ती म्हणाली. “या तुम्ही. लवकर या.”